पूर्णगड : गड अर्ध्या तासाचा, गाव दिवसभराचं

दिवाळीची सुटी जवळ आली की आम्हा रत्नागिरीकरांना ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात, आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. समुद्राकाठी टेकडीवर वसलेलं जुनं गाव बघायचंय, कुठे जाऊ? पूर्णगड म्हणे अर्ध्या तासात संपतो, मग पंचवीस किलोमीटर कशाला जायचं? गडाची वाट लोकांच्या दारांवरून जाते असं ऐकलं, जाऊ देतात का? आणि शेवटी, जेवायचं काय?

अर्ध्या तासाची गोष्ट खरी आहे. पूर्णगडाची तटबंदी भरभर चालत फिरलात तर तेवढाच वेळ लागतो. गाडीतून उतरायचं, दरवाजाशी फोटो काढायचा, समुद्र बघायचा आणि परत फिरायचं, असं करणारे बरेच जण नंतर सांगतात की तिथे काही नाही. त्यांनी गड पाहिलेला असतो आणि गाव राहून गेलेलं असतं. मुचकुंदीच्या मुखावरची ती टेकडी, तिच्या अंगाखांद्यावरची घरं, खालचं बंदर, खाडी आणि पलीकडची पुळण हे सगळं मिळून पूर्णगड होतो, आणि त्याला एक अख्खा दिवस द्यावा लागतो. तो दिवस कसा घालवावा, कुठे जपावं आणि कुठे थांबावं, हे इथे सांगतो.

आधी ठरवा : तिघांपैकी कोणता?

रत्नागिरी तालुक्यात समुद्रावर झुकलेल्या डोंगरावर किल्ला आणि त्याला लागून वस्ती, अशा तीन जागा आहेत. तिन्ही एका दिवसात उरकायचा बेत कृपा करून आखू नका.

रत्नदुर्ग शहरातच आहे. घोड्याच्या नालासारखा त्याचा आकार. एका टोकाला बालेकिल्ला आणि भगवतीचं देऊळ, दुसऱ्या टोकाला १८६७ सालचं दीपगृह आणि मधल्या भागात आजही नांदती पेठ. सोबत वयस्कर मंडळी असतील, गुडघ्यांचा त्रास असेल किंवा हाताशी अर्धाच दिवस असेल, तर रत्नदुर्ग निवडा. देवळाच्या बऱ्याच जवळ वाहन जातं. नवरात्रात मात्र देवीला गर्दी असते. त्या दिवसांत जायचं ते देवीच्या दर्शनाला. किल्ला निवांत बघायला दुसरा दिवस काढा.

जयगड उत्तरेला, शास्त्री नदीच्या मुखावर. गणपतीपुळे आणि मालगुंडच्या वाटेने पुढे जायचं. खंदक, भक्कम बुरूज, आतल्या वाड्याचे अवशेष, गणपतीचं देऊळ असं किल्ला म्हणून पाहण्यासारखं इथे सगळ्यांत जास्त आहे. गणपतीपुळ्याला मुक्काम असेल तर जयगड सोयीचा.

पूर्णगड तिघांत लहान, पण गाव आणि गड यांचं नातं इथे जेवढं जवळून दिसतं तेवढं उरलेल्या दोन ठिकाणी दिसत नाही. वस्ती ओलांडल्याशिवाय तुम्ही गडाच्या दरवाजाशी पोहोचतच नाही. म्हणून गावच बघायचं असेल तर माझं उत्तर पूर्णगड.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाऊस नुकता सरलेला असतो, गवत पिवळं पडू लागलेलं असतं आणि चालताना जीव नकोसा होत नाही. एप्रिल-मे आंब्यासाठी चांगले, पण जांभा दगड दुपारी असा तापतो की अकरानंतर गडावर थांबवत नाही. पावसाळ्यात गड सुंदर दिसतो यात शंका नाही, पण चिऱ्यांवर शेवाळ धरतं आणि तटावर आधाराला काही नाही. त्या दिवसांत तटावर चढण्याचा मोह आवरा आणि खालूनच पाहा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा ताज्या मासळीची आशा ठेवून येऊ नका.

महिना ठरला की तिथी पाहा. हे बाहेरगावचे लोक हमखास विसरतात आणि मग नेमके भरतीच्या वेळी किनाऱ्यावर पोहोचतात. भरतीची वेळ काढायला कोकणात एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सहा-सव्वासहा तास मागे-पुढे गेलात की ओहोटी. अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास भरती, म्हणून संध्याकाळी पाच-सव्वापाचला पाणी लांब मागे हटलेलं. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी एक ते पंधरा अशीच धरायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला एवढं पुरतं.

संध्याकाळी पुळणीवर लांबवर चालायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपासचा दिवस धरा. फक्त लक्षात ठेवा, ते उधाणाचे दिवस असतात. पाणी जेवढं मागे जातं तेवढंच जोरात येतं, आणि खाडीच्या तोंडाशी ओढ जबरदस्त असते. सप्तमी-अष्टमीच्या भांगाच्या दिवसांत चढउतार कमी असतो. सोबत लहान मुलं असतील तर ते दिवस बरे.

पोहोचायचं कसं?

कोकण रेल्वेचं रत्नागिरी स्थानक शहराबाहेर आहे. तिथून शहरात यायला वेळ धरा. शहरात एसटीची मध्यवर्ती आणि रहाटाघर अशी दोन बसस्थानकं आहेत. तुमची पूर्णगडची किंवा पावसची गाडी कुठून सुटते हे आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारा. चुकीच्या स्थानकात उभं राहून सकाळची गाडी गेली की पुढच्या गाडीपर्यंत दिवसाचा चांगला भाग जातो. थेट गाडी नसेल तर पावसला उतरा आणि तिथून पुढे रिक्षा करा.

एसटीतल्या सवलती पर्यटनाच्या प्रवासालाही लागू असतात, हे अनेकांना ठाऊक नसतं :

- महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट.
- ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, आणि ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. ज्येष्ठांनी वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड जवळ ठेवायचं.

रिक्षा केलीत तर बसण्यापूर्वी तीन गोष्टी बोलून घ्या : जाऊन-येऊन किती, थांबण्याचे किती, आणि वाटेत आणखी कुठे थांबणार. वाद होतो तो बहुतेक थांबण्याच्या पैशांवरून.

स्वतःचं वाहन असेल तर भाट्याचा पूल ओलांडून सुरूबनाच्या कडेकडेने निघा, मग गोळप आणि पावस. रस्ता वळणावळणाचा आहे आणि समोरून एसटी येते, घाई करू नका. पूर्णगडात पोहोचल्यावर गाडी वर वस्तीत घालायचा आग्रह धरू नका. रस्ता जिथे रुंद आहे तिथे, कुणाचं दार किंवा होड्यांकडे जायची वाट न अडवता ती लावा आणि पायी चढा. चढ लहान आहे. सावकाश चढलात तरी पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत.

वस्तीतून चढताना

आता लोकांच्या दारांवरून जाण्याच्या त्या प्रश्नाकडे येतो, कारण खरा संकोच तिथेच असतो.

कोकणातल्या चढावरच्या वस्तीत घरांना जोडणाऱ्या चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या वाटेला पाखाडी म्हणतात. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मधे पायऱ्या, आणि प्रत्येक घराच्या हद्दीशी एक बेडं. पाखाडी वहिवाटीची असते. सगळं गाव तिच्यावरून जातं-येतं, तुम्हीही जा. अंगण मात्र घराचं असतं. दोन्हींतला फरक पायांखाली कळतो. पायऱ्या किंवा फरसबंदी सलग पुढे जात असेल तर ती वाट. जमीन सारवलेली असेल, तुळस असेल, वर मांडव असेल, तर तुम्ही कुणाच्या तरी घरात उभे आहात.

कधी कधी वाट खरोखरच अंगणाच्या कडेने जाते. तेव्हा एवढंच करा : थांबा, पडवीत किंवा ओटीवर कुणी असेल तर विचारा. "काका, गडावर इथनंच जायचं ना?" एवढा प्रश्न पुरतो. नव्वद टक्के वेळा तुम्हाला वाट मिळते, आणि वर, कुठून आलात, जेवलात का, अशी चौकशीही होते. न विचारता गेलात तरी कुणी अडवेलच असं नाही, पण कडेने मुकाट जाणारा परका माणूस घरच्यांना खटकतो. खटकायलाच हवा.

दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलात तर आणखी जपा. पावसाळा संपला की अंगण नव्याने करतात. माती टाकून चोपतात, शेणाने सारवतात. ओल्या अंगणावर बुटांचे ठसे उमटले की बाईमाणसाची सकाळभराची मेहनत वाया जाते. बेडं उघडून आत गेलात तर मागे लावून घ्या. उघडं राहिलं तर गुरं कलमांच्या बागेत शिरतात. बागेतल्या आंब्याला, जमिनीवर पडलेल्यासुद्धा, हात लावू नका. हवा असेल तर मागा, बहुतेक वेळा मिळतो.

फोटोबद्दल माझ्या हातून झालेली चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका किनाऱ्यावरच्या गावात एक आजी अंगणात मासळी वाळत घालत होत्या. ऊन तिरपं होतं, चित्र सुरेख होतं. मी विचारलं नाही, कॅमेरा उचलला. आजींनी पदर तोंडावर ओढला आणि पाठ फिरवली. बोलल्या काही नाहीत. त्यानंतर त्या पाखाडीवर आम्हाला कुणी वाट विचारायला सापडलं नाही, दारं ओढून घेतलेली होती. तेव्हापासून माझा नियम आहे. घराचा फोटो घरमालकाला विचारून, माणसाचा त्या माणसाला विचारून, आणि विहिरीवर किंवा नळावर बायका असतील तर कॅमेरा पिशवीतच.

बघण्यासारखं मात्र वाटेवर भरपूर आहे. चिऱ्यांचं बांधकाम कसं जोडलंय ते बघा. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होतो. म्हणून त्याचे सरळ चिरे कापता येतात आणि भिंत दोनशे वर्षं उभी राहते. गावातला गडगा आणि वरचा तट एकाच जातीच्या दगडाचे आहेत, हे चढता चढता लक्षात येतं. घरांची दारं समुद्राच्या वाऱ्याला कशी पाठ देतात, छपराचा उतार पावसाच्या बाजूला कसा खाली ओढलेला असतो, परसात विहीर आणि माड कुठे आहेत, हे सगळं रेंगाळल्याशिवाय दिसत नाही. सकाळी साडेआठ-नऊला पोहोचलात तर चढायला तासभर लावा. हा वेळ गेला असं समजू नका.

गडावर

वस्ती संपते तिथे दरवाजाबाहेर मारुतीचं देऊळ आहे. चपला काढून क्षणभर टेका, सावली इथेच आहे. पुढे दरवाजा. कमानीवर गणपती आणि चंद्र-सूर्य कोरलेले आहेत, मान वर केल्याशिवाय ते दिसत नाहीत. आत शिरताच दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांच्या देवड्या. पुढे मोकळं मैदान आणि इमारतींची जोती. तटावर जंग्या आहेत. एखादीतून डोकावा, म्हणजे तिथल्या शिपायाला काय दिसत असेल ते कळेल. समुद्राच्या बाजूला एक लहान दरवाजा आहे, तिथवर नक्की जा.

गडावर फार वास्तू उरलेल्या नाहीत, आणि नेमके इथेच लोक निराश होतात. इथे बघायची आहे ती जागा. बुरुजावर उभे राहा आणि खाली बघा. मुचकुंदी समुद्राला मिळते ते मुख, पुळण, पूल, पलीकडे गावखडीचं सुरूबन आणि होड्या. ही नदी लांज्याच्या माचाळकडच्या डोंगरात उगम पावते. खाडीतून गलबतं आत साटवलीपर्यंत जात. तिथून माल प्रभानवल्लीच्या वाटेने घाट चढून वर देशावर जाई. त्या वाटेचं तोंड राखायला ही टेकडी. एवढं समजलं की गड इतका लहान का, हेही उमगतं. त्याचं काम खाडीच्या तोंडावर नजर ठेवण्याचं होतं, मोठी शिबंदी बाळगण्याचं नव्हतं.

तो कुणी बांधला याबद्दल दोन मतं आहेत, कुणी शिवकाळ सांगतात तर कुणी कान्होजी आंग्र्यांचं नाव घेतात. शिवाजी महाराजांच्या दुर्गबांधणीतला हा शेवटचा म्हणून 'पूर्ण'गड, अशी नावाची कथा गावात ऐकायला मिळेल. ती गावकऱ्यांच्याच तोंडून ऐका. १८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला आणि किनाऱ्यावरच्या इतर किल्ल्यांसारखंच इथलं लष्करी काम संपलं. गाव मात्र खाडीच्या आधाराने राहिलं.

राज्य पुरातत्त्व खात्याने इथल्या तटबंदीची दुरुस्ती केली आहे. नवा चुना आणि जुना चिरा यांतला फरक डोळ्यांना दिसतो. काहींना तो खटकतो. मला विचाराल तर ढासळलेल्या तटापेक्षा उभा तट बरा.

बंदर आणि खाडी

साडेदहा-अकरापर्यंत खाली उतरा. होड्या परत आलेल्या असतील तर बंदरावर जाळी झाडणं, मासळी निवडणं, लिलाव असं काही ना काही चाललेलं असतं. कामाच्या मधे उभे राहू नका. ओल्या दोरखंडात पाय अडकतो, आणि तिथे कुणाला तुमच्याकडे लक्ष द्यायला सवड नसते. काम आटोपून जाळी शिवत बसलेल्या माणसाशी बोलता येतं. वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग, कोणता मासा कधी येतो, याची माहिती त्याच्याजवळ असते आणि विचारणाऱ्याला तो ती देतो.

होडीतून खाडीत फिरायची इच्छा असेल तर ठरवण्यापूर्वी लाइफ जॅकेट आहेत का ते विचारा. प्रत्येक माणसाला एक, मुलांनाही. नसतील तर जाऊ नका, फेरी कितीही छोटी असो.

जेवणाची व्यवस्था आधी

इथे हॉटेलांची रांग नाही. गावात किंवा जवळपास घरगुती जेवण मिळतं, पण ते सांगून ठेवावं लागतं. आदल्या दिवशी फोनवर ठरवा. ते जमलं नाही तर गावात पोहोचताच, चढायच्या आधी. किती माणसं, शाकाहारी किती, किती वाजता, हे स्पष्ट सांगा. दर ताटाचा की मासळीचा वेगळा, हेही तेव्हाच विचारा. पापलेट-सुरमईचे भाव रोज बदलतात, बांगडा परवडतो. "जे आज मिळालंय ते करा" असं सांगितलंत तर बहुधा सगळ्यांत ताजं आणि स्वस्त जेवाल. सोबत तांदळाची भाकरी आणि सोलकढी. शाकाहारी असाल तर कुळथाचं पिठलं मागून बघा.

सांगितलेल्या वेळेला पोहोचा. सहा जणांचं सांगून चौघे आलात तर पैसे सहा ताटांचे द्या. मासळी आणली गेलेली असते आणि भाकऱ्या भाजलेल्या असतात.

काहीच ठरवलं नसेल तर पावसला मागे या. स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरात दुपारी प्रसाद असतो. वेळ तिथेच विचारून घ्या. स्वामी पावसचेच, १९०३ चा जन्म आणि १९७४ मध्ये समाधी. ज्ञानेश्वरीवरचं त्यांचं काम घरोघरी वाचलं जातं. मंदिरात शांतता पाळली जाते. मुलांना आधी सांगून ठेवा.

जपायचं कुठे?

रत्नागिरीच्या कातळावर फुरसं आहे. हा साप लहान असतो, मातीच्या रंगाचा असतो, आणि दगडाखाली किंवा फटीत बसतो. म्हणून :

- पायांत बूट घाला, सँडल नको.
- पडलेले दगड उचलून पाहू नका, जंग्यांत आणि भिंतींच्या फटींत हात घालू नका.
- गवतात बसण्यापूर्वी काठीने जागा झोडपून घ्या.

दंश झालाच तर जखम कापणं, चोखणं, घट्ट दोरी बांधणं यांतलं काहीही करू नका. हात किंवा पाय न हलवता माणसाला थेट सरकारी रुग्णालयात न्या. १०८ ला फोन करा, पण गाडी हाताशी असेल तर वाट बघत बसू नका. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्यात बिघाड होतो आणि त्याची लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. सुरुवातीला बरं वाटलं म्हणून घरी परत नेऊ नका. उपाय प्रतिसर्पविष हाच, आणि ते रुग्णालयातच मिळतं.

दुसरा धोका पाण्याचा. खाडीच्या मुखाशी, म्हणजे नदी आणि समुद्र भेटतात तिथे, पोहू नका. गुडघाभर पाण्यातही नाही. ओहोटी लागली की नदीचं आणि भरतीचं पाणी एकत्र बाहेर ओढलं जातं आणि पायाखालची वाळू सरकते. वरून पाणी संथ दिसतं, आणि परगावची पोहता येणारी माणसंच इथे फसतात. पाय भिजवायचे असतील तर मुखापासून लांब, उघड्या पुळणीवर, आणि तेही तिथल्या कुणाला तरी विचारून.

तटावर कठडा नाही. सेल्फी घेताना मागे सरकू नका.

नियम आणि तुमचे हक्क

- संरक्षित स्मारकाच्या भिंतीवर नाव कोरणं, रंगवणं, दगड हलवणं हा कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राचा यासाठीचा कायदा १९६० चा आहे. गडावर दारू पिणं हाही गुन्हाच.
- गडावर कुणी प्रवेशाचे किंवा वाहन लावण्याचे पैसे मागितले तर छापील पावती मागा. ग्रामपंचायतीने कर लावला असेल तर पावती मिळते, आणि मग तो आनंदाने द्या.
- दुकानात बाटलीबंद पाण्याचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- ड्रोन उडवायचा असेल तर नियम आधी पाहा आणि परवानगी घ्या. घरांवरून उडवणं परवानगी असली तरी टाळा.
- कचरा परत न्या. गावात तुमच्या बाटल्या गोळा करणारी वेगळी यंत्रणा नाही. तो कचरा पावसाळ्यात पाखाडीवरून वाहत खाडीत जातो.

दुपारनंतर

जेवणानंतर तीनपर्यंत सावलीत राहा. मग दोनपैकी एक निवडा.

पहिला पर्याय पूल ओलांडून गावखडी. सुरूबन, लांबलचक पुळण आणि माणसांची वर्दळ कमी. हा किनारा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा आहे. साधारण नोव्हेंबरपासून माद्या अंडी घालायला येतात आणि उन्हाळ्यापर्यंत पिल्लं बाहेर पडत राहतात. त्यामुळे वाळूत गाडी घालायची नाही, हे इथे सक्तीने पाळा. चाकाखाली घरटं गेलं तर शंभराच्या आसपास अंडी एकदम जातात. कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला किंवा अंड्यांना हात लावणं गुन्हा ठरतो. पिल्लं समुद्रात सोडताना पाहायची असतील तर वन खातं आणि गावातले कासवमित्र यांना विचारा. ते सांगतील तिथेच उभे राहा, विजेरी आणि फ्लॅश बंद ठेवा. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, तुमच्या विजेरीमुळे त्यांची वाट चुकते.

दुसरा पर्याय परतीच्या बाजूला, गणेशगुळे. जुनं गणेशमंदिर आणि शांत किनारा. गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला, ही कथा तुम्ही ऐकली असेल, तेच हे गुळे.

दोन्ही एका संध्याकाळी कोंबू नका. मी गावखडी निवडतो, कारण तिथून पूर्णगडाची टेकडी समोर दिसते. सकाळी ज्या बुरुजावर उभं राहून पुळण पाहिली, त्या पुळणीवरून संध्याकाळी तो बुरूज पाहायला मिळतो.

दुसरा दिवस हाताशी असेल तर आणखी पुढे कशेळी. तिथलं कनकादित्याचं सूर्यमंदिर आणि शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके १११३, म्हणजे इ.स. ११९१ चा ताम्रपट प्रसिद्ध आहे. कशेळीच्या सड्यावरचं हत्तीचं प्रचंड कातळशिल्प त्याहून कितीतरी जुनं. ते पाहायला माहीतगार माणूस सोबत घ्या, आणि कोरलेल्या रेषांवर पाय देऊ नका.

परतताना

सूर्यास्त पाहायचाच, आणि तो गडावरून पाहायचा मोह होईल. स्वतःचं वाहन असेल, विजेरी असेल आणि सोबत लहान मुलं नसतील तर जा. पण सूर्य टेकताच उतरायला लागा. वस्तीपर्यंतची वाट अंधारात चुकते आणि फुरसं बाहेर पडण्याची वेळही तीच. बाकीच्यांनी पुळणीवरूनच सूर्यास्त पाहावा.

एसटीने आला असाल तर शेवटच्या गाडीची वेळ सकाळी उतरतानाच वाहकाला विचारून ठेवा, आणि दुपारी गावात पुन्हा एकदा खात्री करून घ्या. संध्याकाळी उशिरा रत्नागिरीहून गावांकडे येणारी गाडी बहुधा वस्तीची असते. ती रात्री गावातच थांबते आणि पहाटे परत निघते. समोरून दिवे दिसले म्हणून ती तुम्हाला शहरात नेईल असं धरून चालू नका. गाडी चुकलीच तर पावसपर्यंत रिक्षा मिळते का बघा. आणि दुपारी ज्या घरी जेवलात तिथला फोन नंबर घेऊन ठेवलेला असला, तर त्या वेळी तोच सगळ्यांत उपयोगी पडतो.